घटस्फोटाच्या वेळी घराची किंमत कोणी ठरवायची? (जळगाव)

तापीकाठची
नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज स्वतःसाठी विचारतेय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. लग्नाला सतरा वर्षं झाली, गेलं दीड वर्ष माहेरी भुसावळला राहते, मुलगा अकरावीला आहे तो माझ्याजवळ. परस्पर संमतीनं घटस्फोट घ्यायचं ठरलंय. मुलाचं ठरलं, दागिन्यांचं ठरलं, अडलंय ते जळगावच्या घरावर. दीडशे चौरस मीटरचा एन.ए. प्लॉट, खरेदीखत दोघांच्या नावावर, २०१० साली घर बांधलं. खाली अकराशे फूट स्लॅबचं काम आणि २०१६ ला वर एक खोली काढली. कर्ज फिटलंय. घर ते ठेवणार कारण सासूबाई तिथे आहेत, त्यांना या वयात हलवणं मलाही पटत नाही, आणि मला निम्मे पैसे देणार. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

तर मागच्या आठवड्यात त्यांनी व्हॅल्युएशन रिपोर्ट आणला, ३१ लाख. आमच्या घरापासून चार घरं सोडून एक घर दिवाळीत ५२ लाखाला गेलं असं गल्लीत सगळे सांगतात. मी म्हटलं हे कसं, तर म्हणे सरकारमान्य व्हॅल्युअरची सही आहे, शिक्का आहे, आता कोर्टात हाच आकडा चालणार. खरंच असं असतं का? मी तिथे राहत नाही तरी माझा व्हॅल्युअर घरात नेऊ शकते का?

अजून एक. मागच्या अंगणात एक पत्र्याची शेड आहे. सातव्या वेतन आयोगात पगार वाढला तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःच्या मनानं केलेलं ते काम, खाली चूल घातली, हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर तिथे तीस-तीस माणसांच्या भरिताची वांगी भाजलीत. रिपोर्टात त्याच्यापुढे लिहिलंय "पत्रा शेड, मूल्य नाही". ते वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पैशाचं नाहीये ते, पण लिहावंसं वाटलं.

आखाजीला_माहेर
ताई आधी पाणी प्या आणि नीट जेवा. सही कुठेच करू नका. इथे जाणकार आहेत, येतीलच.

हिशोबी
वेगवेगळे व्हॅल्युअर आणून पैसे कशाला घालवायचे, रेडी रेकनर म्हणजे जागेच्या दरांचा तक्ता सरकारनंच काढलाय ना, त्याच्या दरानं गुणाकार करायचा, दोघांना मान्य, विषय संपला. माझ्या चुलतभावाचं असंच झालं, कोणाचीच कुरकुर नाही.

ओळंबा
ताई, मी सिव्हिल इंजिनिअर, बावीस वर्षं व्हॅल्युएशन करतोय, नंदुरबारपासून रावेरपर्यंत टेप घेऊन फिरलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरकारमान्य म्हणजे काय ते आधी. संपत्ती कर कायदा १९५७, त्याच्या कलम ३४एबी खाली आमची नोंदणी झाली. तो कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, नोंदणी मात्र चालू राहिली. पण नोंदणीचा अर्थ हा माणूस किंमत काढायला पात्र आहे, एवढाच. त्यानं लिहिलं ते शेवटचं, असं कुठल्या कायद्यात नाही. कोर्टापुढे तो एका तज्ज्ञाचा अभिप्राय असतो, तुम्ही दुसरा आणू शकता, त्याला प्रश्न विचारू शकता. आणि घराच्या तुम्ही निम्म्या मालक आहात, त्यामुळे मोजायला माणूस नेण्याचा हक्क आहेच, फक्त आधी फोन करून, वेळ ठरवून, कोणाला तरी बरोबर घेऊन जा.

आता तुमचे ३१ लाख कुठून आले ते बघू. तुमच्यासारख्या घराला जमीन वेगळी आणि बांधकाम वेगळं असा हिशोब करतात. आरसीसी बांधकामाचं आयुष्य साधारण ६० वर्षं धरायचं, शेवटी १० टक्के भंगाराची किंमत उरते असं मानायचं, राहिलेले ९० टक्के ६० वर्षांत वाटायचे, म्हणजे वर्षाला दीड टक्का घसारा. तुमचं घर १५ वर्षांचं, साडेबावीस टक्के गेले. आज तसंच बांधायला फुटाला १६०० रुपये धरले तर अकराशे फुटाचे १७ लाख ६० हजार होतात, घसारा काढून १३ लाख ६४ हजार. ३१ मधून हे वजा केले की उरतात १७ लाख ३६ हजार, त्याला दीडशे मीटरनं भागलं की मीटरला साडेअकरा हजार.

तुमच्या भागाचा रेडी रेकनर दर काढून बघा. मला वाटतं त्याच्याच आसपास निघेल. म्हणजे बांधकाम नीट धरलं आणि जमिनीला बाजारभाव न लावता रेकनर लावला.

@हिशोबी, रेकनर मुद्रांक शुल्कासाठी आहे भाऊ. शासनाला दस्तावर शुल्क घ्यायचं असतं म्हणून एका पट्ट्याचा एक सरासरी दर काढतात. दोन वर्षं ते दर होते तसेच ठेवले होते, मग १ एप्रिल २०२५ ला वाढवले, त्या दोन वर्षांत बाजार थांबला होता का? काही गल्ल्यांत बाजारभाव रेकनरच्या दीडपट असतो, आणि काही ठिकाणी रेकनरपेक्षा कमी दरानंही कोणी घेत नाही, ते पण मी पाहिलंय. तुमच्या चुलतभावाचं जमलं ते बहुतेक दोघांचा आकडा जवळ होता म्हणून.

तापीकाठची
@ओळंबा दादा, आत्ता बघितलं. ११,२०० आहे. हात थरथरताहेत माझे.

आप्पा_अमळनेर
मुली, मी वयानं मोठा आहे म्हणून बोलतो, राग मानू नकोस. सतरा वर्षांचा संसार आहे, आकड्यांवर येण्याआधी घरातली चार मोठी माणसं बसवून एकदा बोलून बघा. मी अशी दोन घरं पुन्हा सांधलेली पाहिलीत.

तापीकाठची
@आप्पा, राग नाही. चार वेळा बसलो, दोनदा तर माझ्या वडिलांच्या ओट्यावरच. आता जे ठरलंय ते आम्ही दोघांनी शांत डोक्यानं ठरवलंय, पुन्हा एकमेकांची तोंडं न बघण्यापेक्षा नीट वेगळं होऊ. म्हणून तर हे घराचं व्यवस्थित व्हावं असं वाटतं.

आप्पा_अमळनेर
समजलं बेटा. मग हिशोबात मागे हटू नकोस.

गिरणाकाठ
मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे पुरुष. माझं तीन वर्षांपूर्वी धुळ्याला झालं. देवपूरला फ्लॅट होता, तो मी ठेवला. मला एवढंच सांगायचंय की प्रत्येक नवरा फसवायलाच बघतो असं धरून चालू नका, मला खरंच किंमत माहीत नव्हती. मी बँकेच्या पॅनलवरच्या माणसाकडून रिपोर्ट घेतला आणि तो कमी आला. नंतर कळलं की बँकेला कर्ज बुडालं तर काय हाती येईल याची काळजी असते, त्यामुळे तो हात राखून लिहितो. त्या रिपोर्टात तीन आकडे होते, बाजारमूल्य, वसूल होण्याजोगं मूल्य आणि घाईत विकलं तर येणारं मूल्य, आणि मी शेवटचा धरून बसलो होतो. बायकोच्या भावानं ते पान उघडून दाखवलं तेव्हा माझी मान खाली गेली. पहिला आकडा धरून पैसे दिले.

दुसरं, ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांच्यासाठी. कोर्टाच्या हुकुमानं बँक बांधली जात नाही. दोघांच्या सह्या असतील तर घटस्फोटानंतरही हप्ता थकला की दोघांचा सिबिल खराब. बँकेकडून नाव काढून घेतल्याचं पत्र हातात आल्याशिवाय समाधान मानू नका, मला त्यातच आठ महिने गेले.

शेवभाजी
ताई, नवीन व्हॅल्युअर आला की आधी त्या शेडखाली बसवून कळण्याची भाकरी आणि भरीत वाढा, मग बघा शेडपुढे काय लिहितो ते.

ओळंबा
@शेवभाजी मी तर येतोच मग. पण खरं सांगू, शेडला शून्य लिहिणं चूकच आहे. पत्रे, लोखंडी अँगल, फरशी याला काहीतरी किंमत असतेच, थोडी का होईना. आणि तुमच्याकडे जमिनीखालची टाकी आहे का? बोअर आहे का? आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घर घेणारा माणूस किचनच्या आधी टाकी विचारतो. रिपोर्टात त्याची ओळ आहे का बघा.

तापीकाठची
टाकी आहे, दहा हजार लिटरची, पोर्चखाली. बोअरही आहे. रिपोर्टात दोन्ही नाहीत.

काळा_कोट
कौटुंबिक न्यायालयात प्रॅक्टिस करतो. सल्ला तुमच्या वकिलांचाच घ्या, पण ढोबळ गोष्टी सांगतो कारण वाचणारे खूप असतात.

लग्न झालं म्हणून नवऱ्याचं अर्धं घर आपोआप बायकोचं होतं असा कायदा आपल्याकडे नाही. गोव्यात वेगळं आहे, तिथे नागरी संहितेमुळे संपत्ती दोघांची धरली जाते. बाकी ठिकाणी कागद बोलतो. तापीकाठची ताईंचं नाव खरेदीखतात आहे म्हणून त्यांचं सोपं आहे. ज्यांचं नाव नाही त्यांनी पैसे कुठून दिले, बापानं काय दिलं, सोनं मोडलं त्याची पावती, बँकेचे उतारे हे सगळं शोधायला लागतं. लग्नाच्या वेळी दोघांना मिळून मिळालेल्या वस्तूंसाठी हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ आहे, पण ते वस्तूंपुरतं, सगळ्या इस्टेटीला नाही. राहण्याचा हक्क ही वेगळी गोष्ट. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली बाईला संसार केलेल्या घरातून असं बाहेर काढता येत नाही, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी हा हक्क मागता येतो. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, हे दोन्ही लोक एकत्र करतात आणि मग निराश होतात.

संमतीचा घटस्फोट कलम १३बी, किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर ते सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, वेगळे राहून दीड वर्ष झालेलं असेल आणि सगळ्या गोष्टी मिटलेल्या असतील तर. ताईंचं दीड वर्ष भरलंय, अडलंय ते घरामुळेच, म्हणजे किंमत ठरली की बाकीचं पटकन होईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातला हिस्सा सोडणं नोटरीच्या कागदावर चालत नाही, नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १७ प्रमाणे दस्त नोंदवावाच लागतो. आणि तो कधी नोंदवता यावर खर्च ठरतो. नवरा-बायको असेपर्यंत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात २०० रुपये मुद्रांक शुल्क आहे, त्यावर स्थानिक अधिभार काय लागतो ते दुय्यम निबंधकाकडे विचारा. एकदा घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की ते नातं उरत नाही आणि खरेदीखतासारखं शुल्क द्यायची वेळ येते. आयकरातही तेच, पती-पत्नी नातेवाईक, माजी पती-पत्नी नाही. तुमच्या बाबतीत कोणता दस्त योग्य ते वकील ठरवतील, पण तारीख हुकूमनाम्याच्या आधीची पाहिजे आणि पैसे हातात आल्याशिवाय सही नको. या दोन गोष्टींची सांगड संमतीच्या अटींत लिहून घ्या.

पूर्णा
आमचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला होता, बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट मिळते म्हणून, ती २०२१ पासून आहे. सूट घेताना सासरचे खूश होते, आणि वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा म्हणाले नाव नुसतं कागदावर होतं. शेवटी विकूनच टाकला आणि पैसे वाटले. विकणार असाल तर भांडवली नफ्याचा कर आधी वजा करून मग निम्मे करा, नाहीतर ज्याच्या नावावर घर त्याच्याच डोक्यावर कर बसतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला साडेबारा टक्के किंवा महागाई निर्देशांक धरून वीस टक्के, जे कमी पडेल ते.

सातपुडा
आमना गावमा असंच व्हयनं व्हतं. शिरपूरकडचं गाव, घर गावठाणात, सातबारा नाही, एन.ए. नाही, फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीचा उतारा. जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, मातीच्या हातभर जाड भिंती, आत सागाचे अकरा खांब. माझ्या मावसबहिणीचं घर ते. मोजणाऱ्यानं सांगितलं बांधकामाचं आयुष्य संपलं, किंमत जमिनीचीच. आमचे मामा म्हणाले खांब मोजा. गोल नाही, चौकोनी तासलेले, एका माणसाच्या कवेत न येणारे. वखारीवाला आणून लाकडाचा भाव काढला तर तो जमिनीच्या वर गेला!

आप्पा_अमळनेर
जुना सातपुड्याचा साग आता मिळतो कुठे. आमच्या वाड्याला तसेच होते, वाटणीत दोन भावांनी कापून नेले, अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पण सातपुडा, गावठाणाला आता मिळकत पत्रिका मिळायला लागलीय, २०२० च्या स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झाली. ज्यांचं गावातलं घर वादात आहे त्यांनी आधी ती काढा, हद्दी तरी ठरतील.

आणि वाटणीवरून आठवलं म्हणून सांगतो मुली. आमच्याकडे भावांची वाटणी झाली की मोठा वाटे पाडायचा आणि धाकटा आधी उचलायचा. मोठ्यानं एकात जास्त घातलं तर तेच धाकटा उचलणार, त्यामुळे वाटे आपोआप सारखे पडायचे, पंच लागायचे नाहीत. तुझ्या नवऱ्यानं वाटा पाडलाय ना, ३१ लाख? तू उचल. म्हण, मला मान्य आहे, घर मी घेते, साडेपंधरा लाख मी देते.

आखाजीला_माहेर
आप्पा!! 🙏

ओळंबा
बावीस वर्षांत मला हे सुचलं नाही. ताई, हे कराच, पण मनापासून करा, तो हो म्हणाला तर घ्यायची तयारी ठेवून.

तापीकाठची
नोकरी आहे, कर्ज मिळेल. सासूबाईंचा प्रश्न आहे पण त्या राहिल्या माझ्याजवळ तरी चालेल मला, खरंच. रविवारी बोलते.

हिशोबी
माझं मत बदललं. रेकनर सोडा.

तापीकाठची
उशीर झाला लिहायला, पाच आठवडे झाले, माफ करा. सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

मी आप्पांनी सांगितलं तसंच म्हटलं. ३१ लाख बरोबर असतील तर मी साडेपंधरा देते, घर माझ्या नावावर करा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले बघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन आला, तुझा माणूस आण, त्याचा रिपोर्टही बघू. मी काही जिंकल्यासारखं वाटून घेतलं नाही, त्यांचाही आवाज पडला होता.

मी नवीन व्हॅल्युअर घेतला, ओळखीचा नाही, फी साडेसहा हजार. मुलाला बरोबर नेलं. टेपचं एक टोक व्हॅल्युअरकडे आणि एक मुलाकडे, प्रत्येक खोलीत तो कोपऱ्यात उभा राहून आकडा सांगत होता, ते बघायला मला जड गेलं, मी बाहेर ओट्यावर येऊन बसले. सासूबाई आत होत्या. व्हॅल्युअर पोर्च मोजून पुढे निघाला तर त्या काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, भाऊ, याच्याखाली टाकी आहे, दहा हजार लिटरची, ती मोजली का? आणि मुलाला सांगून झाकण उघडायला लावलं. मागे जाऊन बोअर दाखवला. मग शेडकडे हात करून म्हणाल्या हे सुनबाईनं केलंय, हेबी लिहा. मी तिथेच उभी होते. मला काही बोलता आलं नाही, त्याही माझ्याकडे न बघता आत गेल्या.

रिपोर्ट आला. जमीन मीटरला १८ हजारानं २७ लाख, त्या भागातल्या तीन विक्रींचे दस्त जोडलेत. बांधकाम १३ लाख ६४ हजार, ओळंबा दादांचा आकडा तंतोतंत. टाकी, बोअर, कंपाउंड, शेड मिळून १ लाख ३६ हजार, त्यात शेडचे २२ हजार. एकूण ४२ लाख. वरची खोली मंजूर नकाशात नाही म्हणून वेगळी दाखवली, २ लाख ९० हजार. ते ५२ लाखाचं घरही व्हॅल्युअरनी ऑनलाइन शोधून दाखवलं, सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्यात, ४३ लाख आहे आणि प्लॉट कोपऱ्याचा, २१२ मीटरचा. म्हणजे मी पण चुकीच्या आकड्यावर अडून बसले असते.

४३ वर ठरलं. मला साडेएकवीस. घर त्यांच्याकडेच राहील. सासूबाईंनी चुलीच्या विटा सोडून बाकी भांडी मला न्यायला सांगितलीत, मोठं पातेलं पण.

काळा कोट दादा, एक विचारायचंय. ते म्हणतात दहा लाखाचा डीडी कोर्टाच्या पहिल्या तारखेला आणि उरलेले पैसे दस्त नोंदवल्यावर आठ दिवसांत. हे चालेल का?

काळा_कोट
नाही. उरलेल्या साडेअकरा लाखाचा डीडी दस्ताच्या दिवशी, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच, सहीच्या आधी तुमच्या हातात. डीडीचा नंबर आणि तारीख दस्तातच टाकायला सांगा. त्यांना काही अडचण असेल तर दस्त आठ दिवस पुढे ढकला, पैसे नव्हे.

तापीकाठची
बरं. तसंच सांगते उद्या.

शेवभाजी
आणि ते पातेलं भुसावळला पोचलं की कळवा ताई. काड्या मी आणतो, शेतातून.